राजापेठेला उद्या जाऊ

नसीम आपा एखाद्या मुलाशी बोलायला बसल्या, की त्याची फाइल स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवायच्या. अमरावतीच्या बाल संरक्षण कार्यालयात मी नवीन लागले, तेव्हा मला ते विचित्र वाटलं. विचारलं, तर म्हणाल्या, "लेकरू कागदाकडंच पायत राहते, मंग माया तोंडाकडं पायतच नाई."

आपा बडनेऱ्याच्या. वडील रेल्वेत होते. घरात उर्दू, बाहेर अस्सल वऱ्हाडी. खांद्यावरच्या कापडी पिशवीत मुलांसाठी केळी असायचीच.

सुरुवातीला आमच्याकडे दिवसाला एखादा फोन यायचा. पुढे शाळाशाळांत हेल्पलाइनचे फलक लागले, लोक बोलू लागले आणि फोन वाढतच गेले. माणसं मात्र वाढली नाहीत. उलट होती त्यांतली दोघं सोडून गेली. आपा म्हणायच्या, "फोन वाढले हे चांगलंच हाय, अर्चना. पयले लोक चूप बसत होते. पन आपले पाय दोनच हायेत ना."

एका सकाळी दोन फोन लागोपाठ आले. तिवस्याजवळच्या एका गावात चौदा वर्षांच्या मुलीला हळद लागत होती. आणि राजापेठेत एका घरी कामाला ठेवलेली दहाएक वर्षांची मुलगी कित्येक दिवसांत बाहेर दिसली नाही, असं शेजारीण सांगत होती. जायला आम्ही दोघीच. आपांनी दोन्ही पत्ते एका कागदावर लिहून घेतले. मग म्हणाल्या, "लग्न आज हाय. राजापेठेले उद्या जाऊ."

लग्न थांबलं. दुसऱ्या दिवशी राजापेठेतल्या घराला कुलूप होतं. ते कुटुंब सामानसुमान घेऊन निघून गेलं होतं, मुलीसकट.

"आपा, आपण तरी काय करणार होतो?" मी म्हटलं.

"हे तू मले सांगून राहिली, ठीक हाय. त्या पोरीले मी काय सांगू?"

पोलिसांना कळवलं होतंच. तरी आपा रोज घरी जाताना राजापेठेतून वळसा घालू लागल्या. दूधवाला, भाजीवाली, सगळ्यांना विचारून झालं. शेवटी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं सांगितलं, की ते लोक अकोल्याला राहायला गेलेत. राहिलेले कपडे त्यानंच तिकडे पाठवले होते. अकोला आमच्या हद्दीत नाही. आपांनी तिथल्या कार्यालयाला फोन केला, स्वतः रजा टाकली आणि बडनेऱ्याहून गाडी पकडली. तिथले कर्मचारी आणि पोलीस त्या दारात गेले, तेव्हा आपा सोबत होत्या.

मुलगी स्वयंपाकघरात होती. हातांवर चटक्यांचे डाग होते. आपा तिच्यासमोर फरशीवर बसल्या. "बेटा, मले उशीर झाला. मी पयलेच याले पायजे होतं."

आपांनी तिला बोलतं करायची घाई केली नाही. बालगृहात पोचल्यावर आपा केळं सोलू लागल्या, तेव्हा तिनं ते त्यांच्या हातातून घेतलं. "मले येते सोलता."

हे वाक्य आपांनी मला निदान दहा वेळा ऐकवलं असेल, दर वेळी तिच्याच आवाजात.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी साथ सोडली आणि आपांनी काम सोडलं. शेवटचा दिवस त्यांनी मला एकेका मुलाबद्दल सांगण्यात घालवला. कोण अंधाराला भितं, कोणाला आईचं नाव काढलेलं चालत नाही. त्या उठायला आणि माझ्या टेबलावरचा फोन वाजायला एकच गाठ पडली. पलीकडे एक मुलगी होती, जेमतेम ऐकू येईल अशी बोलत होती. मी आपांकडे पाहिलं. त्यांनी हातानंच खूण केली, बोलत राहा.

फोन ठेवला तेव्हा त्या निघून गेल्या होत्या. मुलीनं पत्ता सांगितला होता. मी तशीच गाडीची किल्ली घेतली आणि निघाले.