इडलीपात्रातले बोल्ट

फोन ठेवू नकोस रेणू, खुर्ची ओढून बस. आणि आधी जरा बोलून घेऊ दे मला. तुझ्या रायस्वाइकपासून माझं उइटहॉर्न म्हणजे काय सातासमुद्रापलीकडे आहे? दोन्ही हॉलंडातच ना? गेल्या खेपेला आलीस ती जेमतेम टेकलीस. चहा अर्धा टाकलास. समोरच्या घरातून ते काळं धूड गुरगुरत बाहेर पडलं, तेव्हा नाक मुरडून म्हणालीस, "मावशी, ही कोण बाई? सायकलींच्या देशात एवढा माज?" मी तोंड उघडेपर्यंत तुझी ट्रामची वेळ झाली. माणूस बघायच्या आधी गाडी बघून मोकळी झालीस की गं. आता मुकाट्यानं ऐक. त्या बाईचं नाव शरयू.

शरयू दिसायला कशी, तर काडीसारखी. केस आखूड कापलेले, चष्म्याला दोरी, आणि खांद्यावर कायम एक फडकं. स्वयंपाकघरात असो, अंगणात असो, फडकं आहेच. ती आइंडहोवनला कॉम्प्युटरच्या चिपा बनवणाऱ्या मोठाल्या यंत्रांवर काम करते. तिथे म्हणे डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालून आत जायचं, एक केस पडला तरी पंचाईत. ती सवय अंगातच मुरलेली. "आधी पुसायचं काकू, मग उघडायचं," हे तिचं पालुपद. माझ्या मिक्सरचं झाकण अडकलं होतं तेव्हासुद्धा तिनं आधी तो अख्खा मिक्सर पुसला, मग हात लावला. मी म्हटलं, "अगं, चटणीचं वाटण वाळतंय." तर म्हणाली, "वाळू दे. घाईत पाना घसरतो."

तिचा नवरा मिलिंद. तरुणपणी चिंचवडला गाड्यांच्या कारखान्यात खरेदी विभागात होता, इथे आल्यावर ॲमस्टरडॅमला एका ऑफिसात. मोठा बोलघेवडा माणूस. गणपतीत आरतीला त्याचाच आवाज सगळ्यात वर. गाड्यांचं तर वेडच. रस्त्यानं एखादी दांडगी गाडी गेली की बोलणं अर्धवट सोडून मान वळवायचा, आणि शरयू म्हणायची, "बाई बघितली असतीस तर मी समजून घेतलं असतं."

एका सकाळी दाढी करता करता तो खाली बसला तो बसलाच. डावी बाजू गेली. जीव वाचला, पण जीभ जड झाली, डावा हात लोंबकळला, पाय ओढत चालायची पाळी आली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पाय पुन्हा चालवायचा तर रोज व्यायाम, आणि आत्ताच. पुढे उशीर झाला की हा पाय असाच राहणार. आम्स्टेलवेनला त्यासाठीचं केंद्र आहे. तिथली व्हॅन दारात यायची, मागून उतरतं फळकूट लावायचे आणि चाकांच्या खुर्चीसकट ह्याला आत ढकलायचे.

चारदोनदा गेला. मग एके दिवशी व्हॅन आली तर हा पांघरुणातून बाहेरच येईना. "मी काय पार्सल आहे?" एवढं बोलला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर त्यानं जवळजवळ बोलणंच सोडलं. मी शिरा घेऊन जायचे, तो मान हलवायचा. त्या माणसाला गप्प बघवत नव्हतं गं. शेवटी केंद्रातून फोन आला, असाच गैरहजर राहिला तर नाताळच्या आत ही जागा रांगेतल्या दुसऱ्या माणसाला द्यावी लागेल.

आणि त्या आठवड्यात शरयूनं काय करावं? ही गाडी आणली! चालवत नव्हे, ट्रकवर लादून. रस्त्यावरचे सगळे पडदे हलले. जर्मन गाडी, उंच, रुंद, शर्यतीचं इंजिन पोटात घातलेली, आणि डाव्या अंगाला कलंडलेली. तिच्या चाकांशी हवेच्या पिशव्या असतात, त्यांच्यावर ती वर-खाली होते. डावीकडच्या पिशव्या फुटलेल्या. शिवाय इंजिनाच्या पोटातली पाण्याची नळी गळत होती, तिथवर पोचायला अख्खं इंजिन उघडावं लागतं. कुणी विकत घेत नव्हतं म्हणून हिला परवडली.

मिलिंदला खुर्चीवरून खिडकीपाशी आणलं. त्यानं ती वाकडी गाडी बघितली, बराच वेळ बघितली, आणि म्हणाला, "मला जोडीदार आणलास?" अगदी कडू बोलला गं. शरयू शांतपणे म्हणाली, "हो. बघू कोण आधी सरळ होतं."

मी तिला बाजूला घेऊन झापलं. म्हटलं, "शरयू, डोकं फिरलंय का तुझं? सरळ चालणारी उंच गाडी घे की एखादी, म्हाताऱ्यांना बरी पडते तशी." तर फडक्यानं हात पुसत म्हणाली, "काकू, तशी घेतली तर तो म्हणेल ही माझ्या आजारपणाची गाडी. व्हॅन आणि ती एकच. मला अशी हवी, की तिच्यात बसायची त्याला लालूच वाटेल." मला हे सुचलं नसतं बाई. दुखण्याला औषध सगळेच शोधतात, हिनं हाव शोधली.

मग सुरू झाला तो उद्योग. महाराष्ट्र मंडळाचा गणपतीचा पांढरा तंबू मागून आणून तिनं दारात उभारला, आत गाडी. कामावरून आली की चहा, मग तंबू. खाली माझी जुनी सुती लुगडी अंथरलेली. एकदा आली आणि म्हणाली, "काकू, इडलीपात्र द्या. आणि परत मिळेल अशी आशा ठेवू नका." मला कळेना. जाऊन बघते तर इंजिनातून काढलेला एकेक बोल्ट तिनं इडलीच्या खळग्यात ठेवलेला. वरचं ताट इंजिनाच्या पुढच्या बाजूचं, त्याखालचं मधलं, सगळ्यात खाली मागचं. कुठल्या खळग्यातला बोल्ट कुठल्या भोकातला, हे पक्कं. दिसायला सगळे सारखे, पण कुणी जवभर लांब, कुणी आखूड, चुकीच्या जागी पिळला तर धातूला चीर. शेजारचा हेंक रोज कॉफीचा मग घेऊन तंबूच्या दाराशी उभा राहायचा. त्याला वाटलं हे भारतातलं खास हत्यार असावं. मी त्याला इडली करून घातली तेव्हा कुठे त्याला उलगडलं.

मिलिंद मात्र एकदाही बाहेर आला नाही. तिनं बोलावलंही नाही. मी म्हणायचे, अगं हाक तरी मार. ती म्हणायची, "ओढून आणला की पुन्हा पार्सलच."

आली खंडेनवमी. शरयू कामावर गेलेली. दुपारी मला फोन, आणि पलीकडे मिलिंद! कित्येक आठवड्यांनी. अडखळत म्हणाला, "काकू... झेंडू आहे?" माझ्या कुंडीत होता. होता नव्हता तेवढा खुडून पळाले. तंबूत जाऊन बघते, तर हा वॉकरच्या बैठकीवर बसलेला, घामानं निथळलेला, आणि समोर पाटावर पूजा मांडलेली. पाने, पक्कड, हातोडी ओळीनं. चिंचवडच्या कारखान्यात दरवर्षी करायचे ना तशी. वॉकर धरून एकटा बाहेर आला होता. एका हातानं सगळी हत्यारं पुसली होती. आणि पाटाच्या मधोमध बोल्टांची रास! साबणानं धुऊन, चकचकीत करून, वर हळदकुंकू. रिकामं इडलीपात्रही घासून शेजारी उपडं घातलेलं.

आता कुठल्या भोकातला कुठला, देव जाणे! त्याला मात्र पत्ताच नव्हता. चेहरा काय फुलला होता त्याचा! मी मुकाट्यानं झेंडू वाहिला. दुसरं काय करणार?

संध्याकाळी उजेड असतानाच शरयू आली. तंबूचा पडदा बाजूला केला आणि जागच्या जागी थिजली. तिची नजर त्या राशीवर गेली, मग इडलीपात्रावर. इतक्या दिवसांची सगळी मांडणी गेली होती रेणू, आणि नाताळ तर तोंडावर येत चाललेला. मिलिंदला तिच्या तोंडावरून काहीतरी उमगलं. "चुकलं का गं?" त्यानं विचारलं.

तिनं बूट काढले. पाटासमोर बसली, हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला. मग वळून म्हणाली, "प्रसाद कुठाय?" खडीसाखर तोंडात टाकली, चघळली, आणि मग म्हणाली, "आज नि उद्या हत्यारांना सुट्टी. परवा तू माझ्याबरोबर बसायचंस. एकत्र तू केलेस, वेगळे तूच करायचे."

"माझा हात..."

"एक चालतो ना? मग झालं."

मी असते तर भांडं आपटलं असतं. निदान रडले तरी असते. ही बाई चिडलीच नसेल असं नाही, मानेची शीर टरारलेली मी बघितली. पण राग गिळून त्यातनं नवऱ्यासाठी काम काढायचं, हे मी उभ्या आयुष्यात दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेलं नाही.

दसऱ्यानंतर तंबूत दोन खुर्च्या आल्या. तो टेबलावर बोल्ट उभे करून लांबी ताडायचा, टॅबलेटवरची चित्रं बघून आकडे वाचायचा, ती गाडीखालून ओरडायची, "काय? मोठ्यानं सांग!" तो चिडून पुन्हा सांगायचा, आधीपेक्षा स्पष्ट. "बहिरी झालीस का?" "तू कुजबुजतोस!" मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. भांडण ऐकून एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. एक बोल्ट काही केल्या जुळेना. दोघांनी डोकं फोडून घेतलं. शेवटी निघाला तो हेंकच्या सायकलीचा, त्यानं सहज म्हणून टेबलावर ठेवलेला!

नळी बदलली, चाकांशी नव्या पिशव्या बसल्या, आणि गाडी सुरू झाली त्या दिवशी आधी खोकली, मग पांढरा धूर, आणि मग असा गडगडाट, की कालव्यावरची बदकं उडाली. मिलिंदनं टाळी वाजवायला दोन्ही हात उचलले. डावा छातीपर्यंतच आला. पण आला.

वार्षिक तपासणीत एवढ्या मोठ्या इंजिनात काही निघालं नाही, नापास झाली ती नंबरप्लेटवरच्या टिचभर दिव्यापायी. शरयूनं दिवा तिथल्या तिथे बदलला. "आधी पुसायचं म्हणते, आणि दिवा बघायचाच राहिला," स्वतःलाच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नाताळ यायच्या आतच, ती गाडी केंद्रात जायला दारात उभी. शरयूनं बटण दाबलं, गाडी हळूच खाली बसली, उंट बसतो ना तशी, पण सरळ. मिलिंदनं आपलं बूड टेकवलं, पाय हातानं उचलून आत घेतला. तिनं पुन्हा बटण दाबलं, आणि तो वर, वर गेला. व्हॅनवाला नेमका दुसऱ्या कुणासाठी गल्लीत आला होता. मिलिंदनं त्याला वरून हात केला, राजासारखा. हिवाळाभर एक दिवस चुकवला नाही त्यानं. केंद्रात सगळे त्याची नाही, त्या गाडीची वाट बघायचे म्हणे.

मग आला ह्या वर्षीचा वसंत. शरयूनं नेहमीसारखी गाडी तापवून दारात लावली होती. मिलिंद काठी टेकत बाहेर आला, खिडकीशी थांबला आणि म्हणाला, "आज मी ट्रामने जातो."

ती म्हणाली, "पाऊस भुरभुरतोय."

"टोपी आहे."

"एकटा?"

"मग काय बँड लावून?"

तिनं त्याच्या टोपीकडे बघितलं. मग म्हणाली, "जा." तो कोपऱ्यापर्यंत गेला, वळला, दिसेनासा झाला. मी दारात उभी. म्हटलं, आता ही पोर रडणार. कुणासाठी केला होता हा एवढा खटाटोप! तर तिनं खांद्यावरचं फडकं काढलं, कोरडंच असलेलं स्टिअरिंग पुसलं, आणि मला हाक मारली, "काकू, गाडी तापलीय. चपला घाला."

वळणावर ट्रामचा रूळ रस्त्याला लागून येतो. पुढे ट्राम जाताना दिसली. मी म्हटलं, "चल ना जरा मागून. नीट उतरतो का बघू." मला खरंच राहवत नव्हतं.

"नको काकू," ती म्हणाली. "बसलेला बोल्ट पुन्हा पुन्हा पिळला की आटे जातात." आणि तिनं गाडी उलट्या दिशेला, समुद्राकडे वळवली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर असा पाय दाबला, की मी रामरक्षेत थेट शेवटच्या ओळीवर पोचले. ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती, आणि मी तिच्याकडे बघत होते. गं रेणू, बायका मी पुष्कळ बघितल्या. अशी नाही.

आता ती गाडी सुट्टीच्या दिवशी सकाळी मोकळी असते, आणि शरयूला कुणाला तरी बसवून न्यायची हौस. तुला घ्यायला रायस्वाइकला येते म्हणालीय. ती आली की नाक मुरडू नकोस, पुढच्या सीटवर बस आणि तिच्याशी बोल. मी चहा टाकते. अर्धा टाकून जायचा नाही. ये गं, लवकर ये.