मागचं लॉगिन, ऐतवार

पळसदेवात हायवेच्या सर्व्हिस रोडला आमचा गाळा. गाळा एकच, मधे पडदा. पडद्याच्या अलीकडं माझं शिलाई मशीन आणि पलीकडं युवराजचं ऑनलाइन सेवा केंद्र. तो मला विजूताई म्हणायचा आणि मी त्याला दिवसातून दहा वेळा शिव्या घालायचे. कारण त्याची खोडच तशी होती. वाचेल ते मोठ्यानं वाचायचा. आलेल्या माणसाला वाचता येत नाही म्हणून लागलेली सवय, पण एकटा असला तरी तेच. "नाव टाका. वडलांचं नाव टाका. पुढं जा." दिवसभर हेच!

"अरे मनात वाच की मेल्या, माझी काजं चुकतात," मी म्हणायचे.

"मनात वाचलं की माझं चुकतं, ताई."

सगळ्या गावाचे पासवर्ड त्याच्याकडं. पीक विमा, स्कॉलरशिप, रेशन, नोकरीची नोंदणी, कुणाचं काय काय. लोकांनी आपले पासवर्ड कधी पाठ केलेच नाहीत. यायचे आणि म्हणायचे, "युवराज, माझं उघड." त्यानं ते सगळे एका ॲपमध्ये ठेवलेले. त्या ॲपला एकच मोठा पासवर्ड, तो टाकला की गाव उघडलं. तोही तो पुटपुटतच टाकायचा. म्हणजे बघा, गावाचं कुलूप त्याच्याकडं आणि त्याचं कुलूप माझ्या कानात. काय होता तो, ते मात्र मी कुणाला सांगणार नाही.

यादी वाढत वाढत एवढी लांब झाली की माऊसचं चाक फिरवून त्याचं बोट दुखायचं. नावानं शोधावं तर आप्पासाहेब म्हटलं की घोळकाच पुढं यायचा. मल्हार म्हटलं तर विचारूच नका, निम्म्या घरांचं दैवत खंडोबा. म्हणून तो गावात जसं म्हणतात तसंच नाव टाकायचा. 'आप्पासाहेब बोअरवाले'. 'आप्पासाहेब घरजावई'. 'मल्हार म्हस्कूचा'. आणि कुणी वारलं की त्याच्या नावाच्या आधी 'कै.' लावायचा. पुसत नव्हता. वारसांना कधी काय लागेल सांगता येत नाही, म्हणायचा. त्यामुळं गावातली गेलेली माणसं त्या यादीत 'क'खाली एका जागी गोळा झालेली. तिथनं चाक फिरवताना तेवढा तो गप्प असायचा.

आता सारजाचं सांगते. सारजा म्हणजे म्हस्कूची बायको. एके काळी मेंढरं होती त्यांची, पुढं म्हस्कू गेला, मेंढरं गेली, आणि ही दुसऱ्याच्या उसात खुरपायला जायला लागली. पोरगा एकच, मल्हार. दिसायला राजबिंडा, पण नशिबाचा कोता. भरतीला उभा राहायचा, उंची बसायची, छाती बसायची, पळण्यात मार्क जायचे. शेवटच्या भरतीच्या वेळी सारजानं माझ्याकडनं त्याला निळा शर्ट शिवून घेतला. आत छातीपाशी चोरखिसा पाहिजे म्हणाली, जेजुरीच्या भंडाऱ्याची पुडी ठेवायला. आणि त्या खिशाला दोरा पिवळाच पाहिजे. निळ्या कापडाला पिवळा दोरा! मी म्हणलं, लोक हसतील मला. "आतनं कोण बघतंय गं," ती म्हणाली. घातला पिवळा दोरा. भरतीत काही झालं नाही. मग एका सकाळी तोच शर्ट घालून, "बारामतीला कंपनीत विचारून येतो," म्हणून पोरगं बाहेर पडलं. ते परत आलंच नाही. फोन बंद.

पोलिसांत हरवल्याची तक्रार युवराजनंच लिहून दिली, नंबरही आपलाच टाकला, कारण सारजाकडं फोन नव्हता. आणि मग एका ऐतवारी सारजा केंद्रात आली. ऐतवार खंडोबाचा, ती उपवास धरते.

"त्यानं नोकरीचं नाव तुज्याकडंच घातलंय न्हवं? बघ की, त्यानं कुठं काय केलंय का."

युवराजनं यादी काढली, मल्हारांच्या घोळक्यातनं म्हस्कूचा शोधला आणि उघडला. ती साइट उघडली की वर कोपऱ्यात लिहून येतं, मागचं लॉगिन कधी. तारीख जुनीच होती, पोरगं जायच्या आधीची. "काही नाही मावशी," तो म्हणाला. तिनं कनवटीची पुडी सोडली आणि त्याच्या कीबोर्डवर भंडारा टाकला. बटणांच्या फटीत गेला सगळा. केवढा ओरडला तिच्यावर!

पुढच्या ऐतवारी ती परत आली. त्यानं उघडलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचलं, "मागचं लॉगिन, रविवार, सकाळी..."

तिथंच थांबला. पण ऐकलं होतं तिनं.

"ऐतवारी? ह्या मागच्या ऐतवारी? उघडलं व्हय त्यानं?"

माझं मशीन थांबलं. अगं बाई, मागच्या ऐतवारी तर ह्यानंच उघडलं होतं! तिच्यासमोर! पण तिच्या लेखी युवराज नुसतं बघतो, उघडायचं ते ज्याचं त्यानं. आपण दुसऱ्याच्या दारातनं डोकावलं म्हणून कुणी आपल्याला घरमालक म्हणतं का? तसंच. युवराजनं तोंड उघडलं आणि तेवढ्यात ती पडदा सारून माझ्याकडं धावली. "विजे, जित्ता हाय गं! माझा मल्हार जित्ता हाय!" माझ्या कपाळाला भंडारा फासला. रडत होती, हसत होती. महिनाभर घरात चूल नीट पेटवली नव्हती तिनं, त्या दिवशी गूळ वाटत गावभर फिरली.

ती गेल्यावर मी युवराजची खरडपट्टी काढली. "आत्ताच्या आत्ता जा आणि सांग."

"सांगतो ताई. जरा दोन घास पोटात जाऊ द्या तिच्या."

मी सांगायला निघाले तर त्यानं माझ्या पोराची शपथ घातली मला. पोराची शपथ घातल्यावर बाईमाणूस काय करणार? मेल्यानं माझं तोंडच शिवून टाकलं.

मग दर ऐतवारचं तेच. ती यायची, तो उघडायचा, मागच्या ऐतवारची तारीख दिसायची, आणि आज उघडलं म्हणून पुढच्या ऐतवारची सोय व्हायची. एकदा मेव्हण्याच्या लग्नाला तो वरकुट्याला होता. तिथं मांडवात, अक्षता हातात घेऊन मोबाइलवर मल्हारचं लॉगिन करत बसला होता म्हणे, ऐतवार चुकू नये म्हणून. त्याची बायको राजलक्ष्मी माझ्याकडं तक्रार घेऊन आली, "लग्नातपण ह्यांना गिऱ्हाईक सुटत नाही." तिला काय सांगू? ती हसत होती, मीपण हसल्यासारखं केलं.

आणि मग तो फोन आला. युवराजच्या नंबरवर, लांबच्या एका ठाण्यातनं. कालव्यात बेवारस मयत सापडलंय, पाण्यात फुगलंय, वय जुळतंय, घरच्यांना घेऊन या. युवराजचा चेहरा पांढराफटक पडला. सारजाला बोलावून घेतलं. तिनं शांतपणे ऐकलं.

"न्हाय. माझा न्हाय त्यो. दर ऐतवारी उघडतोय त्यो. मेलेलं माणूस उघडंल व्हय? दुसरीच्या कुणाच्या पोटचं असंल बिचारं. तिला हुडका म्हणावं."

"मावशी, मी काय म्हणतो..."

"काय?"

पडद्याआडून मी खाकरले, कात्री आपटली, अजून काय करायचं होतं? पण जीभ उचलली नाही त्याची. ती निघून गेली. मी त्याला नको नको ते बोलले. तो म्हणाला, उद्या सांगतो. उद्याचा परवा झाला. परवाच्या पुढं पोलीस थांबतात का? घरचं कुणी आलं नाही, बेवारस म्हणून जाळून उरकून टाकलं त्यांनी.

तेव्हापासनं युवराज मोठ्यानं वाचेना. पडद्यापलीकडं नुसती बटणं वाजायची. किती वर्षं मी ओरडत होते त्याला मनात वाच म्हणून, आणि आता ती शांतता मला खायला उठायची. तरी ऐतवारी सारजा आली की तो उघडायचा, तारीख सांगायचा. जेवण तुटलं त्याचं. गळ्याची हाडं वर आली. राजलक्ष्मी म्हणायची, दवाखान्यात चला. तो म्हणायचा, फॉर्मची गर्दी सरू दे.

उन्हाळ्यात, धरणाचं पाणी उतरून बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर दिसायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. मंगळवार होता. कुणाचा तरी विम्याचा फॉर्म भरता भरता त्यानं कीबोर्डवर डोकं टेकलं. समोरचा माणूस म्हणाला, "झोपला का काय हा?" मी पडदा सारून बघितलं तर स्क्रीनवर एकच अक्षर ओळीनं उमटत चाललेलं. डोकं उचललं तर गालाला भंडारा लागलेला.

माणूस जाऊन दहावा झाला नव्हता तोवर लोक राजलक्ष्मीच्या दारात. "वहिनी, आमच्या पोरीच्या ॲडमिशनचा पासवर्ड." "वहिनी, लाडक्या बहिणीचं बघा." असा संताप आला मला! पण त्यांचंही काय चुकलं, सगळ्यांच्या किल्ल्या एकाच कमरेला. तेरावा झाल्यावर राजलक्ष्मीनं केंद्र उघडलं. मोठा पासवर्ड मी सांगितला. तिनं चमकून बघितलं माझ्याकडं. "पुटपुटायचा," मी म्हणलं. तिला हुंदका फुटला.

मधल्या ऐतवारीपण सारजा येऊन बंद शटरपुढं बसून जायची. आम्ही उघडलं त्या ऐतवारी ती आत आली. युवराजच्या खुर्चीकडं बघून डोळ्याला पदर लावला. "गुणाचं लेकरू हुतं," म्हणाली. मग म्हणाली, "माझं तेवढं बघ."

राजलक्ष्मीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं चाक फिरवलं. मल्हार, मल्हार, मल्हार. दुसऱ्याच कुणाचा उघडला, बंद केला. शेवटी म्हस्कूचा सापडला. नवऱ्यासारखंच तिनंही मोठ्यानं वाचलं. ऐतवारचीच तारीख होती. युवराज जायच्या आधीच्या ऐतवारची.

"आन् त्येच्या म्होरं?" सारजानं विचारलं.

"पुढं काही नाही मावशी. त्यानंतर कुणी उघडलंच नाही."

"युवराज गेला तवापासनं न्हाय?"

"नाही."

सारजा उभी होती ती खाली बसली. कीबोर्डाच्या पिवळ्या फटींकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळली, "विजे, त्यो नुसतं बघायचा न्हवं. त्योच उघडायचा."

शपथ घालणारा गेला होता. मी होय म्हणून मान हलवली.

असा आवाज मी बाईच्या घशातनं कधी ऐकला नव्हता. "माझा बेवारशी जळला गं! आई जित्ती असताना बेवारशी जळला!" कपाळ बडवून घ्यायला लागली. राजलक्ष्मी माझ्या तोंडाकडं, तिच्या तोंडाकडं बघत होती, आणि हळूहळू तिला उलगडत गेलं. ती जाऊन सारजाचे पाय धरायला वाकली. सारजानं पाय मागं घेतले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी एसटीनं त्या ठाण्यात गेलो. सारजा म्हणाली, "विजे, तू चल. तुजी शिलाई तुला वळखंल." हवालदारानं कपाटातनं पिशवी काढली. निळा शर्ट, चिखलानं कडक झालेला. निळे शर्ट काय, गावात ढिगानं असतात. मी देवाचं नाव घेत तो उलटा केला. आत छातीपाशी चोरखिसा होता. पिवळा दोरा तसाच, एक टाका उसवलेला नव्हता. माझ्या हातची शिलाई एवढी पक्की आहे याचा मला आयुष्यात पहिल्यांदा राग आला. सारजानं खिशात बोट घातलं, भंडाऱ्याची पुडी भिजून गोळा झाली होती. मग तिनं सही म्हणून अंगठा दिला.

परत आल्यावर ती घरी गेली नाही. केंद्रात येऊन म्हणाली, "गेलेल्याच्या नावाला काय लावत हुता त्यो, त्ये लाव." राजलक्ष्मीनं कीबोर्ड माझ्याकडं सरकवला, मी टाइप केलं. 'कै. मल्हार म्हस्कूचा'. नाव यादीतनं निघून वर 'क'मध्ये गेलं. राजलक्ष्मी हळूच म्हणाली, "ताई, ह्यांच्यापण." तिनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं, अजूनही घेतलं नाही. मी युवराजच्या स्वतःच्या लॉगिनलाही लावलं. 'म'च्या खाली 'य'. बरोब्बर मल्हारच्या खाली येऊन बसला.

"कुठं हाय माझा?" सारजानं विचारलं. मी तिचं बोट धरून स्क्रीनवरच्या नावावर ठेवलं. अंगठ्याची शाई अजून गेली नव्हती. बोट बराच वेळ तिथंच होतं. मग जरा खाली सरकलं.

"आन् ह्यो खालचा?"

"युवराज."

तिनं बोट काढून घेतलं, पदराला पुसलं आणि पायऱ्या उतरून गेली. पुढच्या ऐतवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.