दुखवट्याची टोपी

रंगनाथ ढवळे पांढऱ्या टोप्या शिवायचा आणि काष्टीच्या बाजारात पाटीवर मांडून विकायचा. मालनबाई बायको होऊन आली, तिनं मशीन धरली आणि पाटीचा कारखाना झाला. कारखाना म्हणजे पत्र्याचं शेड, मशिनींची एक ओळ आणि गल्लीतल्या बाया. गावातल्या दोन्ही गटांच्या सभांना टोप्या याच्याच. गट एकमेकांच्या उरावर बसले, तेव्हा दोघांनाही चालणारं हे एकच डोकं निघालं. असा रंगनाथ नगराध्यक्ष झाला. लोक हसले, मग सवय झाली. शेड मालनबाईच बघायची.

ती गेली.

दहाव्याला घाटावर भाषणं झाली. एक पुढारी तर बाईंपेक्षा पाणीयोजनेवरच जास्त बोलला. लाज नावाची चीज यांना माहीतच नाही. रंगनाथ ऐकत होता की नव्हता, त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

मग दुखवटा. पहिली टोपी मेहुण्यानं, वैजनाथनं त्याच्या डोक्यावर घातली. रंगनाथनं ती काढून उलटी करून पाहिली. बाहेरगावचा माल.

"तुमचं शेड बंद, दाजी. कुठून आणू?"

खरंच होतं. सुतकात सुई धरायची नाही, म्हणून बायांनी मशिनींवर चादरी टाकल्या होत्या. आणि आपल्याकडची रीत अशी, की दुखवट्याची टोपी घातली की त्या माणसाचा हात त्याच दिवशी त्याच्या धंद्याला लावायचा. शेतकऱ्याचा औताला, दुकानदाराचा गल्ल्याला. मालकाचा हात लागल्याशिवाय बाया मशीन चालवणार नव्हत्या, आणि त्यांच्या चुली त्या मशिनींवरच होत्या.

पालिकेची गाडी उभीच होती. हनुमंत कार्यकर्त्यानं दार उघडलं. "साहेब, खुर्चीला हात लावायचा. फोटोवाला थांबलाय."

"खुर्ची धंदा हाय व्हय रे?" वैजनाथ म्हणाला.

"पाच वर्षांचा तर हाय."

दोघं-चौघं हसले. सगळे रंगनाथकडं बघायला लागले. त्याला कुठंच जावंसं वाटत नव्हतं. दार उघडं होतं, म्हणून तो बसला.

खुर्चीला हात लागला, फोटो निघाला. टँकरचे कागद पुढं आले, त्यानं सह्या केल्या. चहा आला, त्याच्यावर साय धरली.

ऊन कलल्यावर गाडी त्याला गल्लीत सोडून गेली. बाया शेडाच्या उंबऱ्यावर बसून होत्या.

"आण्णा, आमी सकाळधरनं हितंच हाय," सुरेखा म्हणाली. ती बायांत थोरली.

"पालिकेत गेल्तो."

"कळलं. मोबाईलवर फोटो आला."

त्यानं मालनबाईच्या मशीनवरची चादर काढली, बसला, पायडल दाबलं. सुई वर-खाली व्हायला लागली. खाली कापड नव्हतं.

"दोरा न्हाई वो ओवलेला."

"आसू दे."

बायांनी आपापल्या चादरींच्या घड्या घातल्या. सुरेखानं दोरा ओवायला हात पुढं केला आणि तशीच उभी राहिली. रंगनाथचा पाय थांबत नव्हता.