पाहुणीला विचारलेला प्रश्न

आमच्या परळच्या चाळीत भाषण संपल्यावर कुणी प्रश्न विचारला नाही, तर तो वक्त्याचा अपमान समजतात. आमचं विहार म्हणजे तळमजल्यावरची एक मोठी खोली, समोर बुद्धमूर्ती आणि खाली सतरंज्या. पण वर्षावासातल्या, म्हणजे पावसाळ्यातल्या प्रवचनांच्या तीन महिन्यांतल्या, रविवारी तिथे जसा वाद रंगतो, तसा मी कॉलेजातल्या कुठल्याही सेमिनारमध्ये ऐकलेला नाही. पटल्याशिवाय काही मानायचं नाही आणि विचारल्याशिवाय पटत नाही, हे बाबांनी मला अक्षरओळखीच्याही आधी शिकवलं. ते गोदीतून निवृत्त झाले होते आणि विहाराचे सेक्रेटरी होते. मला तापाची गोळी देतानासुद्धा ती का घ्यायची हे ते समजावून सांगायचे. आईला या सगळ्याचा मनस्वी कंटाळा. या घरात साधा चहाही चर्चेशिवाय होत नाही, असं तिचं म्हणणं.

अशा घरात मी एम.ए.च्या वर्गातली मैत्रीण जेवायला घेऊन आले. ती ब्रह्मदेशातून शिकायला आली होती, होस्टेलवर राहायची आणि तिथल्या जेवणाला वैतागली होती. आईच्या हातची सुकट तिने पहिल्याच दिवशी दोनदा मागून घेतली, त्यामुळे आईचं आणि तिचं लगेच जमलं. बाबांची तऱ्हा वेगळी. बौद्ध देशातली मुलगी आपल्या खोलीत मांडी घालून जेवतेय, यानेच ते हरखून गेले होते. आमच्या आजोबांनी हा धम्म विचार करून, अख्ख्या गावाची नाराजी पत्करून घेतला होता. तिच्याकडे तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. जिथे सगळेच बौद्ध, तिथे माणसं माणसांशी कशी वागत असतील, याचं एक चित्र बाबांच्या मनात होतं, आणि पेपरात वाचलेल्या लष्कराच्या बातम्या त्यात कुठेच बसत नव्हत्या. त्यांनी विचारायला सुरुवात केली. लष्कराने सत्ता घेतली तेव्हा लोक काय करत होते? भिक्खू काय म्हणाले? ती ताटाकडे बघत राहिली. शेवटी आईने बाबांच्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, "आधी जेवू द्या तिला."

तिला बसस्टॉपवर सोडायला गेले तेव्हा तिने मला कारण सांगितलं. तिच्या धाकट्या भावाला सैन्यात नेलं होतं. तो आपणहून गेला नव्हता, त्याला घरातून उचलून नेलं होतं. बहीण परदेशात बसून काय बोलते हे तिकडे कळलं, तर ते त्या पोराला भोगावं लागणार होतं. बाबांना सांगू का, असं मी तिला विचारलं. ती हो म्हणाली, पण फक्त घरच्यांना. त्यानंतर बाबांनी तिला राजकारणाचं अवाक्षर विचारलं नाही. ती आली की ते पावसाबद्दल बोलायचे. पावसाबद्दल बोलणारे बाबा मी तोवर पाहिले नव्हते.

पण ती येते-जाते हे चाळीने पाहिलं होतं. कमिटीतल्या लोकांनी हट्टच धरला की वर्षावासात एका रविवारी तिने विहारात बोलावं. ती तयार झाली, फक्त म्हणाली, राजकारण नको. बाबांनी तिला शब्द दिला.

त्या रविवारी खोली गच्च भरली. बायका पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या. ती मोडक्यातोडक्या हिंदीत छान बोलली. सकाळी दारात येणाऱ्या भिक्खूंसाठी तिची आई भात कसा काढून ठेवते, लहान मुलांना काही दिवसांसाठी भिक्खूंचं चीवर कसं नेसवतात, असं सगळं. टाळ्या पडल्या. मग दुसऱ्या मजल्यावरचे वकीलकाका उठले. ते बाबांचे जुने मित्र, दोघांनी उभा जन्म एकमेकांशी वाद घालण्यात घालवलेला. तिला कळावं म्हणून त्यांनी मुद्दाम हिंदीत विचारलं. गोळ्या झाडणारे बौद्ध, मग त्यांना कुणी अडवत कसं नाही? आणि तुला स्वतःला याबद्दल काय वाटतं?

प्रश्न वाईट नव्हता. खरं तर तो माझ्याही मनात होता. पण पहिल्याच रांगेत एक कार्यकर्ता मोबाइल उंच धरून सगळं लाइव्ह दाखवत होता, आणि तिचा चेहरा उतरला होता.

बाबा उभे राहिले. "हा प्रश्न आज नको."

"का नको?" वकीलकाकांनी विचारलं.

"मी सांगतो म्हणून नको."

मी चमकून बाबांकडे बघितलं. हे वाक्य त्यांनी मला लहानपणीसुद्धा कधी ऐकवलं नव्हतं. मागून एक मावशी शांतपणे म्हणाल्या, "प्रश्नच विचारायचा नाही, तर मग हे देऊळच झालं की." कुणी हसलं नाही. बाबांच्या जागी दुसरं कुणी असतं तर त्याने, तिचा भाऊ तिकडे सैन्यात आहे, एवढ्या एका वाक्यात सगळ्यांना गप्प केलं असतं. पण तेच वाक्य बाहेर जायला नको होतं. शेवटी आईने घाईघाईने खिरीचं पातेलं पुढे आणलं.

पुढच्या मीटिंगमध्ये कमिटीने नवा सेक्रेटरी निवडला. प्रश्न दाबणारा माणूस आम्हाला नको, असं वकीलकाकाच म्हणाले. बाबांनी विहाराच्या किल्ल्या देऊन टाकल्या. मी घरी भयंकर चिडले. निदान वकीलकाकांना तरी खरं सांगा, म्हणून भांडले.

"ते विश्वासाने आणखी एकाला सांगतील," बाबा म्हणाले. "तोही विश्वासाने पुढे सांगेल. पोरगा तिकडे एकटा आहे गं."

ते मुकाट्याने पेपर वाचत बसायचे आणि रविवारी खाली जायचे नाहीत. मला त्यांची कीव यायची आणि अभिमानही वाटायचा, पण यातलं काहीच मला त्यांच्याजवळ बोलता यायचं नाही.

आईला मात्र राहवलं नाही. मैत्रीण पुन्हा जेवायला आली तेव्हा आईने तिला किल्ल्यांचं सांगून टाकलं. ऐकता ऐकता तिचा घास हातातच राहिला. मग तिने हात धुतला आणि बाबांच्या समोर येऊन बसली.

"काका, वो सवाल आप पूछिए," ती म्हणाली. "यहाँ कोई नहीं है."

बाबांनी मान हलवली. "नहीं बेटा. रहने दे."

"वो सवाल गलत नहीं था," ती म्हणाली. "मैंने भी पूछा था. भाई से, फोन पे. पूछा, तू गोली चलाता है क्या?"

तिने ओला हात रुमालाला पुसला.

"उसके बाद उसका फोन नहीं आया."

बाबांनी तिचं अर्धं राहिलेलं ताट उचलून तिच्यासमोर आणून ठेवलं.