मावशींचं चोविसावं माणूस

हात पदराला पुसत त्या समोर येऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "वाईच थांबा. उपकार मानायला आले." ऐकणारा माणूस आधी एक पाऊल मागे सरकायचा.

तुम्हीही सरकला असता. आपल्याकडे उपकार मानायला म्हणून कोण येतं? येणारा काही मागायला येतो, नाहीतर टोमणा मारायला.

दौंडच्या ज्या दवाखान्यात मी सतरा वर्षं नर्स होते, तिथं त्या आया होत्या. आयाला सगळे मावशी म्हणतात, तसं आम्हीही म्हणायचो. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, काटकुळ्या, चालायला भराभर. तरुणपणी केडगावच्या मिशनात आल्या आणि तिथंच ख्रिस्ती झाल्या. नाताळाआधीच्या दिवसांना त्या आगमनकाळ म्हणत. मिशनातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांना शिस्त लावली होती. एक डिसेंबरपासून चोवीस तारखेपर्यंत रोज एका माणसाचे उपकार मानायचे. समोर जाऊन, तोंडानं. तेही मोघम नाही, नेमक्या कोणत्या गोष्टीबद्दल ते सांगून.

"देवाचे मानता तेवढे पुरे नाहीत का?" मी एकदा विचारलं. डिसेंबरात मला कशाचाच धीर नसायचा. साखर कारखाने सुरू झालेले, ऊसतोडीवरच्या बायकांची बाळंतपणं, कोयत्यानं कापलेली बोटं, गाडीखाली आलेले पाय. संध्याकाळपर्यंत पोटऱ्यांचे दगड व्हायचे.

"प्रभूचे तर रोजच मानते," त्या म्हणाल्या. "पन त्यानं ज्या हातानं करून घेतलं, त्या हाताला कळाय नगं?"

हाताला कळून दर वेळी चांगलंच व्हायचं असं नाही. डॉक्टरांचे उपकार मानले तेव्हा त्यांनी घाबरून विचारलं, "मावशी, काम सोडताय का?" एसटीचा एक ड्रायव्हर वर्षभर गाडी दवाखान्याच्या फाटकाशी थांबवायचा. मावशींनी भरल्या गाडीत त्याचे उपकार मानले. त्याला वाटलं, बाई सगळ्यांसमोर टिंगल करतेय. दुसऱ्या दिवसापासून तो गाडी पार पुढं कडुलिंबाखाली थांबवायला लागला. मावशी रोज तेवढं चालायच्या. "चुकलं काय माझं?" मला विचारायच्या. मी म्हणायचे, "पुढच्या वर्षी गाडीतून उतरल्यावर माना."

माझ्यावर पाळी आली ती तिसऱ्या वर्षी. "सिस्टर, उन्हाळ्यात तुम्ही मला रागावला हुता. सगळ्यांसमोर न्हाई, स्टोअरमध्ये नेऊन रागावला. त्याचे उपकार." खरं म्हणजे मला स्टोअरमधून कापूस काढायचा होता, जाता जाता रागावले. पण हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यानंतर मात्र कुणाला रागवायचं झालं की मी आपोआप स्टोअरकडे वळायचे. त्यांच्या उपकारांमुळे असं काहीतरी मागं लागायचं.

तेवीस माणसं त्या दरवर्षी पुरी करायच्या. चोविसाव्या दिवशी गप्प असायच्या. संध्याकाळी करंज्या तळायच्या, देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जायच्या. मी विचारलं की म्हणायच्या, "आजचं माणूस लांब हाय. फुडल्या साली."

ते माणूस कोण, हे मला गॉजच्या घड्या घालताना कळलं. मी विचारलं नव्हतं. घड्या घालता घालता माणसं बोलतात.

मावशींचं लग्न शिरूर तालुक्यात निमोण्याला झालं होतं. शेतकऱ्याचं घर. मुलगी दीड वर्षाची असताना मावशींना क्षय झाला. नवऱ्यानं माहेरी आणून घातलं, माहेरी आई वारलेली, भावजयीनं ठेवून घेतलं नाही. तिथून केडगाव. बरं व्हायला दोन वर्षं गेली. तोवर नवऱ्यानं दुसरी केली आणि पहिली मेली असं गावात सांगून टाकलं.

"मग तुम्ही गेला नाहीत?"

"गेले की. शिरूरच्या बाजारात लांबून बघितलं. पोरगी पाचेक वर्षांची. तिच्या पायात नव्या चपला. आन् ती बाई अनवाणी. ऊन असं, की बाई पाय उचलून उचलून टाकत हुती." घडी पुरी करून त्या म्हणाल्या, "मंग मागं फिरले. मेलेली आई जित्ती निघाली, ती बी धर्म बदललेली, तर पोरीला कोन करून घेईल? तिचं लग्न झालं की जाईन म्हनलं. त्या बाईचे उपकार मानायला."

निमोण्याकडचा पेशंट आला की त्या आडूनआडून बातमी काढायच्या. नवरा वारल्याचं त्यांना असंच कळलं. मुलगी दहावी झाल्याचंही. आणि एका उन्हाळ्यात कळलं की लग्न झालं, जावई कारेगावात राहतो, कंपनीत आहे.

त्या साली चोवीस डिसेंबर माझ्या सुट्टीच्या दिवशी आला. मला फक्त पाय गरम पाण्यात घालून बसायचं होतं. सकाळी मावशी दारात. "सिस्टर, येता का? तुमच्यासारखं कुनी बरोबर असलं म्हंजी एकदम हाकलनार न्हाईत." मी कुरकुरत साडी बदलली.

निमोण्यात पोचलो तेव्हा ती बाई अंगणात कांद्याच्या रोपांच्या जुड्या बांधत होती. मावशींच्याच वयाची वाटली, उन्हानं रापलेली. मावशी फाटकापाशीच उभ्या राहिल्या. "मी मालकांची पहिली," त्या म्हणाल्या.

बाईच्या हातातली जुडी सुटली. ओरडली नाही, रडली नाही. शेजारच्या घराकडे तोंड करून म्हणाली, "भाऊजी, या वाईच."

दीर टोपी घालतच आला. कोण आलंय हे कळल्यावर त्याचा चेहरा बदलला. "जमिनीत काय न्हाई तुमचं. सातबारा साफ हाय."

"जमीन नगं मला. उपकार मानायला आले."

"म्हंजी?" त्यानं माझ्याकडे बोट केलं. "ह्या वकीलबाई का?"

"मी दौंडच्या दवाखान्यात नर्स आहे," मी म्हटलं.

"मंग पक्कंच. आजारी पडलीय आन् सांभाळायला आलीय."

मला हसू येत होतं आणि तिथून निघावंसंही वाटत होतं. मावशींनी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्या बाईला म्हणाल्या, "तुम्ही माझ्या पोरीच्या पायात चपला घातल्या आन् सोता अनवाणी चालला. शिरूरच्या बाजारात. मी बघितलं हुतं. तिला शिकवलं, चांगल्या घरी दिलं. त्याचे उपकार मानायला आले."

बाई उठून उभी राहिली. हाताची माती तशीच.

"माझ्या पोरीच्या पायात मी चपला घातल्या," ती म्हणाली. "त्यात तुमच्यावर कसले उपकार? मी काय तुमची पोर राखत हुते?"

दीर एक पाऊल मागे सरकला. 

मला वाटलं, आता मावशी कोसळणार. वीस वर्षं मनात धरलेली गोष्ट, आणि ती अशी अंगणातूनच परत. त्या थोडा वेळ त्या बाईच्या पायांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "न्हाई. चुकलं माझं. तुमचीच हाय."

"तिला सांगनार का तुम्ही?" बाईनं विचारलं.

"न्हाई. प्रभूची शपथ घेत न्हाई, पन न्हाई सांगनार."

फाट्यापर्यंत आम्ही चालत आलो. एसटीचा पत्ता नव्हता. माझे पाय ठणकत होते आणि रागही आला होता. "पाण्याचंसुद्धा विचारलं नाही," मी म्हटलं. "एवढ्या लांब येऊन काय मिळालं?"

मावशी दगडावर बसल्या होत्या. "सिस्टर, बाई सावत्र असती तर तिनं उपकार घेतले असते," त्या म्हणाल्या.

 एसटी आली, जागा मिळाली नाही, दोघी दौंडपर्यंत उभ्यानं आलो. संध्याकाळी त्यांनी करंज्या तळल्या आणि देवळात गेल्या. नाताळच्या दिवशी डबा घेऊन आल्या तेव्हा चेहरा थकलेला होता, पण मान खाली नव्हती.

त्यानंतर दोन आगमनकाळ त्यांनी आमच्यात काढले. मग छाती पुन्हा धरायला लागली. जिने चढवेनात. त्या केडगावला परत गेल्या आणि पावसाळ्यात तिथंच गेल्या. मी अंत्यविधीला पोचू शकले नाही. त्या दिवशी वॉर्डात दोन सिझेरियन होती. हे कारण खरं आहे, तरी मी ते अजून स्वतःला सांगत असते.

त्याच वर्षी डिसेंबरच्या मध्यावर ओपीडी संपत आली असताना बाकावर एक बाई बसलेली दिसली. मांडीवर पिशवी, केसपेपर नाही. मी ओळखलं नाही. तिनं मला ओळखलं.

"त्या बाई कुठं हायेत? तुमच्यासंगं निमोण्याला आलेल्या?"

मी सांगितलं. आमच्या कामात हे सरळ सांगायची सवय होते. तिनं मांडीवरची पिशवी जवळ ओढली. पिशवीतून पेरूंचा वास येत होता.

"पोरीला पोरगी झाली," मग ती म्हणाली. "बाळंतपन माझ्याकडंच केलं. बाळाचं नाक पोरीवर गेलं न्हाई, जावयावर न्हाई. मी रोज बघत हुते, कुनाचं म्हनून. तवा त्या अंगनात हुभ्या हुत्या, ते ध्यानात आलं. त्यांचं हाय. तेवढंच सांगाय आले हुते." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पोरीला तर म्हनता येत न्हाई. मंग आता कुनाला सांगू मी?"

वॉर्डाचा राउंड बाकी होता. मी धाकट्या सिस्टरला पुढं जायला सांगितलं आणि बाकावर त्या बाईशेजारी बसले.

"मला सांगा," मी म्हटलं. "नाक कसं आहे?"