प्रोस्टेटवाल्या सूनबाई

मूत्राशयाचं आतलं अस्तर प्रोस्टाग्लँडिन कसं बनवतं, यात माझी उमेदीची वर्षं गेली. हा हार्मोनसारखं काम करणारा स्निग्ध पदार्थ, फक्त रक्तातून गावभर हिंडत नाही. जिथे बनतो तिथेच कामाला लागतो. पिशवी भरून ताणली की अस्तरातली एंझाइम तो तयार करतात आणि तो स्नायूला सांगतो, चल, आवळ. सूज असली की जास्त बनतो, मग पिशवी भरते न भरते तोच घाई. एवढीच माझी पीएचडी.

सासऱ्यांनी त्यातलं फक्त ‘प्रोस्ट’ ऐकलं. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ रिटायर्ड लोकांचा कट्टा आहे, तिथे ‘आमच्या सूनबाई प्रोस्टेटच्या डॉक्टर’ अशी दवंडी पिटून आले. झालं, दर रविवारी आमच्या हॉलमध्ये ओपीडी भरायला लागली. चिखलोलीचे एक काका तर सोनोग्राफीची फाइल घेऊनच यायचे. मी म्हणायचे, “काका, मी औषध देणारी डॉक्टर नाही, आणि हे प्रोस्टेट नाही.” ते म्हणायचे, “नावातच आहे की.”

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. शास्त्रज्ञांना हा पदार्थ आधी वीर्यात सापडला, प्रोस्टेटमधूनच येत असणार असं धरून नाव ठेवून मोकळे झाले. पुढे तो बायकांसकट सगळ्यांच्या अंगात जवळजवळ सगळीकडे सापडला. नाव तेच राहिलं. कोण कशाला बदलतंय.

त्याच सुमारास नणंदेचं डोहाळजेवण ठरलं, कोल्हापूरला. एकुलती एक लेक, किती वाट बघून दिवस गेलेले, आणि सासूबाईंनी एकच धरलं, मी येणार नाही, गुडघे दुखतात. नणंद फोनवर रडली. सासरे म्हणाले, नाटकं आहेत, दुसरं काय.

त्या रविवारी मी कट्टेकऱ्यांना सूज आणि घाईचं समजावत होते. सासूबाई चहा घेऊन आल्या आणि ट्रे हातात धरून तिथेच थांबल्या.

“अगं, ही पिशवी बायकांनाही असते ना?”

सगळे काका हसले. सासरे तर ठसका लागेपर्यंत.

“असते की, आई. का हो?”

“मला तासभरसुद्धा धरवत नाही. आग होते नुसती. कोल्हापूरपर्यंत गाडीत कशी बसू? सारखी गाडी थांबवायला लावू? आणि थांबवून जाऊ कुठे, झाडामागे?”

फाइलवाले काका बिस्किट निरखायला लागले. माझं डोकंच फिरलं. या बाप्यांची धार किती बारीक ते अख्ख्या अंबरनाथला तोंडपाठ, आणि या बाईने आपल्याच घरात गुडघ्यांचं नाव पुढे करायचं.

“उद्याच डॉक्टरकडे जाऊ, आई, खऱ्या डॉक्टरकडे. आणि कोल्हापूरला रेल्वेने जाऊ, डब्यात संडास असतो.”

सासऱ्यांनी घसा साफ केला. “अगं, मग मला आधी सांगायचं नाही का?”

सासूबाईंनी ट्रे टीपॉयवर ठेवला आणि त्यांचा कप त्यांच्यासमोर सरकवला.

“सांगितलं होतं. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा. तुम्ही म्हणालात, पाणी कमी पी. तेव्हापासून कमीच पितेय.”