तेर्तूचा बेडूक

फिनलंडमधल्या आमच्या नुर्मेसमध्ये बोलता बोलता कुणाच्या तोंडून भलताच शब्द गेला, की त्याच्या तोंडातून बेडूक निसटला असं म्हणतात. तेर्तूचा बेडूक निसटला तो पत्रातून. समुद्र ओलांडून तो स्कॉटलंडला पोचला आणि तिथे दीड वर्ष ठाण मांडून बसला. त्यातला अर्धा बेडूक माझा होता, हे आधीच सांगून टाकते, कारण गावात ते कुणाला ठाऊक नाही.

तेर्तूने एकतीस वर्षं फिरत्या वाचनालयाची बस चालवली. सकाळी निघायचं, तळ्याकाठची सगळी गावं करायची आणि संध्याकाळी परत यायचं. याला ती 'फेरी' म्हणायची. कोण काय वाचतं हे तिला तोंडपाठ, पण ते या कानाचं त्या कानाला कळायचं नाही. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा जार्मो वेल्डर होऊन स्कॉटलंडात अॅबर्डीनला गेला, तिथल्या शोनाशी लग्न केलं, त्यांना एल्सी झाली.

सासूला इंग्रजी येत नव्हतं आणि सुनेला फिनिश. मध्ये दुभाषा जार्मो, आणि जार्मो पडला आमच्याकडचा पुरुष. फोनवर शोना पाच मिनिटं भरभरून बोलायची आणि तो आईला सांगायचा, "बरी आहे म्हणते." त्या पाच मिनिटांत नेमकं काय होतं हे कळावं म्हणून तेर्तू अडुसष्टाव्या वर्षी माझ्या मंगळवारच्या इंग्रजीच्या वर्गात येऊन बसली.

वाचनालयात कॉम्प्युटर आले तेव्हा पुस्तकांच्या यादीची जुनी कार्डं फेकून देणार होते. तिने दोन खण भरून घरी नेली होती. आता त्यांच्या कोऱ्या बाजूवर ती वाक्प्रचार लिहू लागली. पुढे पुस्तकाचा विषय, 'मधमाश्या पाळणे', मागे एक ओळ आमची, एक ओळ इंग्रजी. मुद्द्यावर न येणाऱ्या माणसाला आम्ही गरम लापशीभोवती फिरणारं मांजर म्हणतो. इंग्रज म्हणतो, हा झुडपाभोवती काठी आपटतोय. तेर्तूने विचारलं, झुडपात असतं काय? मी म्हटलं, पक्षी. "मग तो उडून जाईल," ती म्हणाली. "लापशी निदान खाण्याजोगी गार तरी होते."

पण तिला खरा छळ झाला तो क्रियापदांच्या शेपटीला लागणाऱ्या चिमुकल्या शब्दांचा. शेपूट बदललं की अर्थ बदलतो. एका मंगळवारी मी 'स्लीप' घेतलं. स्लीप इन म्हणजे उशिरापर्यंत झोपणे, स्लीप ओव्हर म्हणजे दुसऱ्याकडे मुक्काम करणे. कागदावर शेवटी छापलं होतं 'स्लीप अराउंड'. पहिल्या बाकावर पाद्रीसाहेबांची बायको बसलेली. मी घसा खाकरला, "हे शेवटचं आपल्या वयाला लागू नाही," म्हटलं आणि कॉफी ओतायला लागले. कुणी काही विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत.

त्याच वर्षी ऑक्टोबरात जार्मो गेला. कामावर असताना हृदय थांबलं. त्रेचाळीस वर्षांचा होता. तेर्तू अंत्यविधीला जाऊन आली. तिथे चार दिवस शोनाचा हात हातात घेऊन बसले, दुसरं काही जमलं नाही, असं तिने सांगितलं. परत आल्यावर तिने सुनेला एक लांब पत्र लिहिलं, एकटीने, कार्डांचे खण पुढ्यात घेऊन. मला दाखवलं नाही. खरं सांगायचं तर मी थोडी रुसले.

त्या पत्राला उत्तर आलं नाही. शोना दर महिन्याला एल्सीचा फोटो पाठवायची, तेही थांबलं. नाताळात लोकरीचे मोजे पाठवले, पोचल्याचं कळलं नाही. फोन केला तर शोना दोन शब्द थंडपणे बोलली आणि ठेवून दिला. तेर्तूने मनाची समजूत घातली, की सून दुःखात आहे, जार्मोच्या आईचा आवाजही तिला सोसत नसेल. पण मंगळवार तिने एकही चुकवला नाही. आता कशासाठी येतेस, असं मी एकदा न राहवून विचारलं.

"एल्सी कधीतरी मोठी होईल," ती म्हणाली. "एखाद्या दिवशी तीच फोन उचलेल. तेव्हा मी मुकी असून कसं चालेल?"



जार्मो गेल्यावर दीड वर्षाने, एप्रिलात, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी भात भरलेल्या पुऱ्या घेऊन भेटायला गेले. तळ्यावर अजून बर्फ होता. पाय लांब करून पडल्या पडल्या ती म्हणाली, "आलीच आहेस मास्तरीणबाई, तर कार्डं तपास. लाल पेन पर्समध्ये असेलच." होतंच. दुपारभर मी शेपट्या दुरुस्त करत बसले आणि एका कार्डावर माझा हात थांबला. वरती आमचा शब्द होता, 'झोपून निघून जाणे'. कुणी वारलं की आम्ही असंच हळुवार म्हणतो, पेपरातही तेच छापतात. खाली तेर्तूच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'स्लीप अराउंड'.

"हे कुठे वापरलंस?" मी विचारलं.

"शोनाच्या पत्रात."

पत्र तिला पाठ होतं. तिने सगळं म्हणून दाखवलं. जार्मो स्लेप्ट अराउंड. इथे साऱ्या गावाला हे ठाऊक आहे. इतक्या तरुणपणी तो असं करेल असं मला वाटलं नव्हतं. त्यात तुझा काही दोष नाही, शोना. एल्सीला मोठी झाल्यावर सांग.

मी अर्थ सांगितला. मी लापशीभोवती फिरले नाही, कारण एकदा फिरून काय झालं ते समोर होतं. इंग्रजीत याचा अर्थ बाहेरख्यालीपणा, म्हटलं. घरी बायको असताना जिच्या तिच्याबरोबर निजणं.

तेर्तूने ते कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं. मग म्हणाली, "दीड वर्ष ती पोर हे उशाशी घेऊन झोपतेय."

मला रडू फुटलं. माझी चूक आहे, मी म्हटलं, त्या मंगळवारी मी लाजून कॉफी ओतत बसले.

"एकतीस वर्षं मी लोकांना हवी ती पुस्तकं दिली," ती म्हणाली. "तू सांगितलं असतंस तर माझे कान काही विटाळले नसते. आता रडू नकोस, फोन आण."

मी म्हटलं, मी लिहून देते, चोख इंग्रजीत. ती नको म्हणाली. "तुझं इंग्रजी ऐकून तिला वाटेल मी वकील लावलाय." अवघड गोष्ट एकदाची उघड बोलायची वेळ आली, की आम्ही 'मांजर टेबलावर ठेवलं' म्हणतो. "हे मांजर माझं आहे, मीच उचलून ठेवणार," एवढं बोलून तेर्तूने स्पीकर लावला आणि नंबर फिरवला.

शोनाने फोन उचलला. तेर्तूने मोडक्या इंग्रजीत, एकेक शब्द ठेवत बोलायला सुरुवात केली.

"शोना, ठेवू नकोस. जार्मो चांगला होता. वाईट माझं इंग्रजी आहे. आमच्या भाषेत मेलेला माणूस झोपून निघून जातो. मी शेपटीचा शब्द चुकीचा लावला."

मग शोनाने अगदी बारीक आवाजात विचारलं, अराउंड म्हणजे तुम्हाला काय वाटलं होतं?

"माझी बस," तेर्तू म्हणाली. "सकाळी निघायचं, सगळी गावं करायची, फिरून घरी यायचं, इंजिन बंद. अराउंड. मला वाटलं, आपल्या जार्मोची फेरी लवकर पुरी झाली आणि तो झोपला."

पलीकडे शोना हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही. नंतर ती बोलली ती पाच मिनिटं भरभरून, आणि मध्ये सांगणारं कुणी नव्हतं. दीड वर्ष ती जार्मोच्या फोनमधले जुने मेसेज चाळत होती. त्याच्या कामावरच्या माणसांना तिने विचारलं होतं. त्याच्या कबरीवर अजून दगड बसवला नव्हता, कारण त्यावर काय लिहावं ते तिला कळेना. तेर्तू मान हलवत ऐकत होती. फोन ठेवल्यावर मी विचारलं, सगळं समजलं का? "सगळं नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "पण 'बरी आहे' असं ती कुठेच म्हणाली नाही."

ऑगस्टमध्ये शोना आणि एल्सी आल्या. एल्सी दिवसभर कार्डांचे खण घेऊन बसायची आणि आजीला बेडूक, मांजर, लापशी विचारायची. तिला परत नेईपर्यंत अर्ध्या खणाचं फिनिश येत होतं. जाण्याच्या आदल्या दिवशी शोनाने कबरीच्या नव्या दगडाचा फोटो दाखवला. वर जार्मोचं नाव, खाली दोन सालं, आणि त्याखाली इंग्रजीत दोनच शब्द कोरलेले, 'स्लेप्ट अवे', झोपून निघून गेला.

तेर्तूने चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि फोटो माझ्यापुढे धरला. मी तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे. कुणी गेल्यावर इंग्रजीत असं म्हणत नाहीत, कधीच म्हणत नाहीत.

"बरोबर आहे ना गं?" तिने विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं.